पटोळ्याच्या मागावर: अहमदाबाद, पाटण, मोढेरा, सोमासर

पाटणचे साळवी विणकर एक गोष्ट सांगतात. बाराव्या शतकात गुजरातवर सोळंकी राजा कुमारपाळाचं राज्य होतं. रोज पूजेला बसताना तो नवं पटोळं, म्हणजे धागे आधीच नक्षीत रंगवून विणलेलं रेशमी वस्त्र, नेसायचा, आणि ते यायचं जालन्याहून. पुढे त्याला कळलं, की जालन्याचा राजा ही वस्त्रं आधी स्वतः अंथरतो-पांघरतो आणि मगच बाहेर विकू देतो. पूजेला वापरलेलं वस्त्र कसं चालणार? कुमारपाळानं जालन्यावर चाल केली आणि साळव्यांची सातशे घरं पाटणला आणून वसवली.

मी जालन्याची. आमचं गाव आज ओळखलं जातं ते लोखंडी सळया, बियाणं आणि मोसंबीसाठी. 'जालना, सोन्याचा पालना' हे आजीच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं, पण त्या सोन्यात रेशीमही होतं हे गावात मला कधी कुणी सांगितलं नाही. ही गोष्ट इतिहासाच्या कसोटीला किती उतरते ते अभ्यासकांनी ठरवावं. पाटणचे साळवी आजही आपलं मूळ जालन्याचं सांगतात, एवढं मला घराबाहेर पडायला पुरेसं होतं. सोबत वहिनी आल्या. त्यांचं माहेर येवल्याचं, घरात पैठणीचे माग, आणि लग्नाआधी काही वर्षं त्या स्वतः मागावर बसलेल्या. या प्रवासात जे काही मला नीट दिसलं, त्यातलं निम्मं त्यांच्यामुळे दिसलं.

शुक्रवार, अहमदाबाद

देवगिरीनं मुंबई आणि तिथून अहमदाबाद. उत्तरायण होऊन आठवडा उलटला होता, तरी झाडांवर आणि विजेच्या तारांवर फाटके पतंग अडकलेले होते. सकाळी हवेत छान गारवा. नाश्त्याला फाफडा, कच्च्या पपईचा संभारो आणि तळलेल्या मिरच्या खाऊन आम्ही शाहीबागेतलं कॅलिको म्युझियम गाठलं.

गौतम आणि गिरा साराभाई या भावाबहिणीनं १९४९ साली सुरू केलेलं हे वस्त्रसंग्रहालय भारतातलं या विषयातलं सगळ्यात मोलाचं ठिकाण आहे, असं मी बिनदिक्कत म्हणेन. फोन, पिशव्या बाहेर ठेवायच्या, गटानं आत जायचं, फोटो काढायचे नाहीत. सुरुवातीला हे जाचक वाटतं. पण हातात फोन नसला की डोळे कापडावर टिकतात. कापड जपण्यासाठी दालनांत उजेडही मंद ठेवलेला असतो.

पटोळ्यांसमोर उभं राहिल्यावर पहिल्यांदा जाणवल्या त्या नक्षीच्या कडा. फुलाची पाकळी जिथे संपते तिथे रेघ मारल्यासारखी संपत नाही, रंग किंचित सरकून शेजारच्या रंगात शिरतो. हे छपाईत येत नाही आणि पैठणीतही येत नाही. पैठणीत नक्षी मागावर जन्मते. विणकर धागे मोजून वेगवेगळ्या रंगांच्या कांड्या फिरवतो आणि मोर उमटत जातो. पटोळ्यात विणकाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी मोर सुट्या धाग्यांवर रंगून बसलेला असतो. उभे धागेही रंगवलेले, आडवेही. मागावर फक्त दोघांची गाठ घालून द्यायची. "फक्त म्हणू नका," वहिनी म्हणाल्या. त्या 'फक्त'मध्ये काय दडलंय ते दुसऱ्या दिवशी कळलं.

पटोळं गुजरातेत जेवढं मिरवलं, तेवढंच समुद्रापलीकडे. आजच्या इंडोनेशियातल्या बेटांवर शतकानुशतकं ते जात होतं. डच ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारी मसाल्यांचा व्यापार आपल्या हातात राहावा म्हणून तिथल्या राजांना पटोळी नजर करत. जावाच्या दरबारांत पटोळ्याचे पोशाख झाले, काही बेटांवर ते कुळाची ठेव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपलं गेलं. टोपलीत फुलं मांडल्यासारखी दिसणारी 'छाबडी भात' तिथल्या लोकांना इतकी आवडली, की जावातल्या बाटिकमध्ये तिच्या वळणाची 'जलांप्रांग' नावाची नक्षी तयार झाली. (गुजरातीत नक्षीला भात म्हणतात. पुढे हा शब्द सारखा येईल.)

दुपारी जुन्या शहरातल्या बाजारात फिरलो. एका दुकानदारानं 'असली पाटण पटोळा' म्हणून एक साडी पुढ्यात टाकली. वहिनींनी पदराकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी साडी उलटी केली. मागे रंग फिका, नक्षीच्या रेघा अर्धवट. छापील होती. वहिनींनी घडी घालून ती परत दिली आणि आम्ही बाहेर पडलो.

टीप: कॅलिकोला जायचं तर आधी नाव नोंदवणं आवश्यक आहे, एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात. बुधवारी ते बंद असतं. पोहोचायची वेळ काटेकोर पाळा.

पटोळं ओळखायचं असेल तर सरळ वहिनींसारखं करा, आधी पाठ पाहा. दुहेरी पटोळ्याला, म्हणजे उभे-आडवे दोन्ही धागे रंगवलेल्या पटोळ्याला, उलट-सुलट बाजू नसते, दोन्हीकडे रंग तितकाच गडद. एकेरीत फक्त आडवे धागे बांधून रंगवलेले असतात, त्यामुळे नक्षीच्या कडा आडव्या दिशेनंच फुटलेल्या दिसतात. दुहेरीत उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी अगदी बारीक फुटतात. आणि छापील साडीची पाठ स्वतःच सांगते.

शनिवार, पाटण

अहमदाबादहून मेहसाण्यावरून पाटण सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. एसटीसारख्या सरकारी बसनं निघालो. दोन्ही बाजूंना एरंड आणि मोहरी, मधूनच बडीशेप. मोहरी फुलावर होती.

एके काळी अणहिलवाड म्हणून गाजलेली ही सोळंक्यांची राजधानी आज एक शांत, जरा धुळकट जिल्ह्याचं गाव आहे. लाकडी कोरीव खांबांची जुनी घरं, अरुंद 'पोळा' म्हणजे गल्ल्या, प्रत्येक वळणावर देरासर म्हणजे जैन मंदिर. साळव्यांची मूळ वस्ती 'साळवीवाडा' गावातच, पण आता माग चालवणारी घरं मोजकीच उरली आहेत. त्यातल्या एका साळवी कुटुंबानं उभारलेलं 'पाटण पटोळा हेरिटेज' हे संग्रहालय राणीच्या वावेकडे, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीकडे, जाताना लागतं. तिथे माग डोळ्यांसमोर चालू असतो.

आत शिरल्याबरोबर वहिनी थबकल्या. "माग वाकडा आहे!" खरंच, माग एका बाजूला कललेला होता. पटोळ्याचा माग असाच असतो, डावी बाजू खाली, उजवी वर. शिसवी लाकूड आणि बांबूच्या कामट्यांचा, हातानं चालवायचा. त्यावर दोघं जण शेजारी शेजारी बसतात. बांबूचा धोटा इकडून तिकडे गेला, की लगेच ठोकायचं नाही. दोघंही वाकून बघतात. आडव्या धाग्यावरचा लाल ठिपका उभ्या धाग्यावरच्या लाल ठिपक्यावर आला का? केसभर जरी पुढे-मागे असेल तर तो धागा बोटांनी सरकवायचा, पुन्हा बघायचं, आणि मग 'वी' नावाच्या तलवारीसारख्या शिसवी पट्टीनं बसवायचा. मग पुढचा धागा. आठ-दहा इंच विणून झालं, की उभ्या धाग्यांचा ताण ढिला करून सुईनं एकेक धागा पुन्हा जागेवर आणायचा.

दोघं विणकर मिळून दिवसाला ८-९ इंच विणतात. म्हणजे साडेपाच मीटरच्या साडीच्या विणकामालाच जवळजवळ महिना. आणि तो शेवटचा महिना. त्याआधीचे कित्येक महिने धागे बांधण्यात आणि रंगवण्यात गेलेले असतात. एका साडीला एकंदर चार ते सहा महिने लागतात, नक्षी गुंतागुंतीची असेल तर आणखी जास्त.

त्या बांधण्याच्या कामासमोर आम्ही सगळ्यात जास्त वेळ बसलो. रेशमाचे आठ पदर पिळून एक धागा केलेला. असे धागे चौकटीवर ताणायचे, त्यावर कोळशानं खुणा करायच्या आणि जो भाग पांढरा राहायचा तेवढ्यावर सुती दोरा घट्ट गुंडाळायचा. मग रंगाची बुडी. दोऱ्याखाली रंग पोहोचत नाही. वाळल्यावर काही गाठी कापायच्या, काही नव्या बांधायच्या, पुढच्या रंगात बुडवायचं. चार-पाच रंगांची भात असेल तर हे तितक्या वेळा. आणि हे सगळं दोनदा, एकदा ताण्यासाठी म्हणजे उभ्या धाग्यांसाठी, एकदा बाण्यासाठी म्हणजे आडव्यांसाठी, पुढे कधीतरी मागावर दोन्ही एकमेकांना बरोबर भेटतील या हिशेबानं.

हा हिशेब कागदावरच्या चौकटीत मांडलेला असतो खरा, पण तो चालतो हातात. मला तिथे बसल्या बसल्या पटलं, की पटोळ्याचा कस बांधण्यात आहे. माग त्याची परीक्षा घेतो एवढंच. वहिनींनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं: "पैठणीत एक घर चुकलं तर तेवढं उसवून पुन्हा विणता येतं. इथे गाठ चुकली तर तीन महिन्यांनी कळणार. आणि तेव्हा उसवून काय करणार?"

रंग वनस्पतींचे आणि लाखेचे. मध्यंतरी रासायनिक रंगांचा जमाना येऊन गेला, आता पुन्हा नीळ, मंजिष्ठा, लाख, हळद, डाळिंबाची साल, काथ यांकडे वळले आहेत. लाल रंग पाहून मी तो कितीतरी वेळ निरखत राहिले. झगमग अजिबात नाही, आणि तरी नजर तिथून हलत नाही. गुजरातीत म्हण आहे: 'पडी पटोळे भात, फाटे पण फीटे नहीं'. पटोळ्यावर पडलेली भात फाटेल, पण विटणार नाही.

भातींची नावं ऐकत राहावीत अशी आहेत. नारीकुंजर भातीत नाचणारी बाई, हत्ती आणि पोपट. पानभातीत पिंपळाची पानं. नवरत्न, रतनचोक, फुलवाडी, वाघकुंजर. कुठली भात कुणासाठी हेही ठरलेलं. हत्ती, पोपट, बाहुल्यांच्या भाती जैन आणि हिंदू घरांत जायच्या. व्होरा म्हणजे बोहरा मुस्लिम समाजासाठी 'व्होरागजी' विणली जायची. तिच्यात माणसं-प्राणी नाहीत, फक्त फुलं आणि भूमिती, आणि माझ्या मते सगळ्यांत देखणी तीच. चित्र नसल्यामुळे तिथे डोळ्याला दुसरं काही धरायला मिळत नाही, नुसती बांधणीची अचूकता दिसते. नागर ब्राह्मणांच्या घरांत डोहाळजेवणाला, सीमंताला, पटोळं नेसायची रीत होती. आई-आजीचं पटोळं सुनेला किंवा लेकीला मिळायचं.

त्याच ठिकाणी जगभरातल्या अशा धागे बांधून रंगवलेल्या कापडांचे नमुने आहेत. आपल्याकडचे ओडिशा आणि पोचमपल्लीचे, बाहेरचे जपान, उझबेकिस्तान, इंडोनेशियाचे. ताणा आणि बाणा दोन्ही बांधायची रीत जगात फार थोड्या ठिकाणी टिकली. बाली बेटावरच्या तेंगानान गावात 'गेरिंगसिंग' विणतात, तेही दुहेरीच, पण सुती.

जाताना मी जालन्याची आहे असं सांगितलं. लगेच खुर्ची आली, चहा आला, घरातल्या सगळ्यांना हाक गेली. जालन्यात आज एकही पटोळ्याचा माग नाही हे मी सांगण्याआधीच त्यांना माहीत होतं. माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं, आणि तरी मूळ गावचा पाहुणा म्हणून त्यांनी आमचं जे केलं त्यानं मला भरून आलं.

किमतीबद्दल. दुहेरी पटोळ्याची साडी दीड-दोन लाखांपासून पुढे, अवघड भातीची त्याच्या कितीतरी वर, आणि तीही मागणी नोंदवून थांबायची तयारी असेल तर. हा आकडा ऐकून लोक हबकतात. पण दोन-तीन माणसांची सहा-सहा महिन्यांची मजुरी, रेशीम, रंग यांची बेरीज करून बघा. परवडत नसेल तर घेऊ नये, पण घासाघीस करू नये. रुमाल, दुपट्टे, छोट्या चौकटीही मिळतात.

संध्याकाळी बाजारात पाटणचे प्रसिद्ध देवडे खाल्ले. मैद्याच्या पापुद्र्यांच्या, तुपात तळून पाकात घातलेल्या चकत्या. एक पुरतो. वहिनींना मात्र दोन लागले.

टीप: पाटणला एक रात्र तरी राहा. बहुतेक लोक अहमदाबादहून सकाळी येऊन वाव बघून संध्याकाळी परत जातात, आणि मागासमोर जेमतेम दहा मिनिटं थांबतात. इथे 'मश्रू'ही विणतात, रेशमी ताणा आणि सुती बाणा असलेलं, वरून झळाळणारं आणि अंगाला सुती लागणारं कापड. ते मीटरवर मिळतं आणि खिशाला परवडतं.

रविवार, राणीची वाव आणि मोढेरा

दार उघडल्या उघडल्या वावेवर पोहोचलो. शंभराच्या जांभळट नोटेच्या मागे छापलेली हीच ती वाव. पहिल्या भीमदेवाच्या स्मरणार्थ राणी उदयमतीनं अकराव्या शतकात बांधलेली. ६४ मीटर लांब, २७ मीटर खोल. सरस्वती नदीच्या पुरांनी ती गाळानं भरून गेली आणि त्या गाळानंच तिचं कोरीवकाम जपलं. २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. सकाळचं तिरपं ऊन पायऱ्यांवरून आत उतरत होतं आणि खाली थंडी इतकी, की शाल पुन्हा अंगावर घ्यावी लागली.

विष्णूचे अवतार, नागकन्या, आरशात बघणाऱ्या अप्सरा, हे सगळं फोटोंत पाहिलेलं असतं. मी शोधत होते ते भिंतीवरचे जाळीसारखे चौकोनी पट्टे. चौकटीत फूल, फुलात चौकट, पुन्हा फूल. पाटणचा प्रत्येक वाटाड्या हे दाखवून सांगतो, "ही पटोळ्याची भात." आदल्या दिवशी मागावर जे पाहिलं होतं, त्याच्याशी साम्य आहेच.

पण मग कुमारपाळाच्या गोष्टीचं काय? वाव अकराव्या शतकातली, कुमारपाळ बाराव्या. साळवी यायच्या आधीच ही भात दगडात कशी? पायरीवर बसून मी वहिनींना हे विचारलं. त्या म्हणाल्या, "कापड आधी येतं, विणकर मागून येतो." आणि गोष्टही तेच सांगते. कुमारपाळ नेसायचा ते पटोळं जालन्याहून येतच होतं. पाथरवटानं राणीच्या अंगावरचं वस्त्र पाहून दगडात उतरवलं असेल, तर ते वस्त्र कुठून आलं असेल, या विचारानं मी हरखून गेले. अर्थात चौकोन आणि फूल ही मांडणी कुठल्याही कारागिराच्या हातून आपोआपही घडू शकते. पुरावा म्हणून मी याकडे बोट दाखवणार नाही. जालन्याची लेक म्हणून मात्र मला तो पट्टा पुन्हा पुन्हा बघावासा वाटला.

अगदी खालच्या विहिरीपर्यंत सोडत नाहीत, पण वरच्या टप्प्यांतूनच सगळं नीट दिसतं. शेजारीच सिद्धराज जयसिंहाच्या सहस्रलिंग तलावाचे अवशेष आहेत. तिथे सावली नाही, टोपी हवीच.

दुपारी मोढेरा, पाटणहून ३५ किलोमीटर. सूर्यमंदिर भीमदेवाच्याच काळातलं, १०२६-२७ च्या सुमाराचं. समोरच्या सूर्यकुंडाच्या पायऱ्या उलट्या-सुलट्या त्रिकोणांत उतरतात. आदल्या दिवसापासून डोळ्यांना भातीच दिसत होत्या, त्यामुळे तिथेही आम्ही दोघी कुंडाची नक्षीच मोजत बसलो. रविवारची गर्दी होती, शाळांच्या सहली होत्या. तिथून सुरेंद्रनगरची वाट लांब आणि कंटाळवाणी. पोहोचायला रात्र झाली.

सोमवार, सोमासर

सुरेंद्रनगर जिल्ह्यातलं सोमासर हे वणकरांचं, म्हणजे विणकर समाजाचं, गाव. इथे प्रामुख्यानं एकेरी पटोळी विणतात, फक्त बाणा बांधून रंगवलेली, आणि आता काही घरं दुहेरीही करतात. सौराष्ट्रातलं हे काम राजकोटच्या नावानं बाजारात ओळखलं जातं. पाटणची ऐट इथे नाही. अंगणात म्हैस, ओसरीवर माग, आतल्या खोलीत ताणलेले बाण्याचे धागे आणि चुलीवर रंगाचं पातेलं.

एका घरात सासू गाठी बांधत होत्या आणि सून विणत होती. सासूबाईंचा वेग असा, की दोरा कधी गुंडाळला आणि कधी तोडला ते दिसतच नव्हतं. हात चालू ठेवून त्या आमची चौकशी करत होत्या: मुलं किती, पाऊस किती झाला, तुमच्याकडे कापसाला भाव काय मिळाला. शेवटच्या प्रश्नावर बराच वेळ बोलणं झालं, कारण कापसाचं दुखणं दोन्हीकडे सारखंच आहे.

एकेरी पटोळ्याला कमअस्सल म्हणायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. एकाच दिशेनं धागे जुळवायचे असल्यामुळे ते काही आठवड्यांत होतं आणि मध्यमवर्गीय घरातल्या लग्नात घेता येतं. 'दुहेरी' म्हणून खपवलं तर ती फसवणूक, पण एकेरीला एकेरी म्हणून विकलं तर ते सचोटीचं, कसबाचं काम आहे. वहिनींनी हिरव्या-लाल पानभातीचा दुपट्टा घेतला, अर्थात पाठ बघूनच.

दुपारी त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाजरीचा रोटला, रिंगणाचा ओळो म्हणजे आपलं वांग्याचं भरीत, पण हिरव्या लसणाच्या पातीतलं, गूळ-तूप आणि लोटाभर ताक. चुलीशेजारी बसून जेवलो.

टीप: सोमासरला थेट बस कमी, सुरेंद्रनगरहून दिवसभरासाठी रिक्षा ठरवणं सोयीचं. सकाळी लवकर जा. घरात शिरताना आणि फोटो काढताना विचारा. काही घरं नव्या भातीचे फोटो काढू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे, नाहीतर तीच भात महिन्याभरात छापील होऊन बाजारात येते. थोडी रोख रक्कम जवळ ठेवा.

निघताना सुनेनं वहिनींना विचारलं, की पैठणीची पाठ कशी दिसते. वहिनींनी फोनवर फोटो शोधला, सापडला तो फक्त पदराचा, सुलट बाजूचा. मग येवल्याला भावाला फोन लावून त्यांनी मागावरच्या पैठणीचा उलट बाजूनं फोटो मागवला आणि परतीच्या गाडीतून तो सोमासरला पाठवला. सुरत यायच्या आत उत्तर आलं: एका मोराला एकूण किती कांड्या लागतात, आणि धागे मोजताना वरून मोजता की खालून? वहिनींनी पुन्हा भावाला फोन लावला.